पुण्यातील एक हेड अँड नेक विभाग: दीड वर्षाच्या खेपांनंतरचा अभिप्राय

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या, डाव्या खालच्या हिरडीच्या कर्करोगावर पुण्यातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयातील हेड अँड नेक, म्हणजे तोंड, घसा आणि मान यांच्या कर्करोगांच्या, विभागात गेले दीड वर्ष उपचार चालू आहेत. शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे आणि नंतरच्या तपासण्या हे सगळे टप्पे मी तिच्यासोबत राहून पाहिले. आता पै-पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी ‘तो विभाग कसा आहे’ असे विचारायला फोन करते, म्हणून एकदाच सविस्तर लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि एका घरच्या अनुभवावरून एखाद्या संस्थेला नावानिशी दोष देणे मला योग्य वाटत नाही. माझे मत असे की शस्त्रक्रिया करणारे हात तिथे उत्तम आहेत. परंतु अशा विभागाची पारख रुग्णाला पुन्हा तोंड उघडता, गिळता आणि बोलता यावे यासाठी तिथे काय केले जाते यावरून करावी, आणि त्या बाबतीत या विभागाला काही ठिकाणी पैकीच्या पैकी, तर काही ठिकाणी काठावर पास होण्याइतकेच गुण द्यावे लागतात.

अक्काचे वय ६१. खटाव तालुक्यातील आमच्या गावी तिने चाळीसेक वर्षे मशेरी लावली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी दात घासण्याच्या निमित्ताने सुरुवात करून दिवसातून चार-पाच वेळा हिरडीवर फिरवायची, हा आमच्याकडच्या अनेक बायकांचा रिवाज तिचाही होता. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर तयार होत असल्याने तिला या बंदीची झळ लागत नाही, आणि ती लावणाऱ्या बाईला आपण तंबाखूचे व्यसन करतो असे वाटतही नाही. अक्काची खालची दाढ हलू लागली, तालुक्याच्या गावी ती काढली गेली, आणि काढल्या जागेची जखम दीड महिना भरली नाही. त्या दीड महिन्यात लावायचे मलम, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले. तोंडातील कोणतीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर तिचा तुकडा काढून तपासला पाहिजे, एवढी साधी गोष्ट आम्हाला पुण्याला पोहोचल्यावर कळली. हिरडीच्या कर्करोगात आधी दात हलतो, तो काढला जातो आणि जखम तशीच राहते, हा क्रम आपण वरचेवर पाहतो, असे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेव्हा मला स्वतःचाच राग आला.

पहिल्या दिवशीची तपासणी मला फार आवडली. केसपेपरच्या खिडकीपासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत पोहोचायला साडेतीन तास लागले हे खरे, पण आत गेल्यावर घाई नव्हती. निवासी डॉक्टरांनी आधी अक्काच्या तोंडाची उघडझाप पट्टीने मोजली आणि कागदावर २८ मिलिमीटर असे लिहिले. निरोगी माणसाच्या तोंडात साधारणपणे स्वतःची तीन बोटे उभी बसतात, म्हणजे पस्तीस-चाळीस मिलिमीटर किंवा अधिक. त्या मानाने हे कमीच होते. नंतर एक बोट तोंडात आणि दुसरा हात बाहेरून हनुवटीखाली ठेवून गाठ किती खोल गेली आहे ते चाचपले, मानेच्या दोन्ही बाजू वरपासून कॉलरच्या हाडापर्यंत पद्धतशीरपणे तपासल्या, आणि नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा व स्वरयंत्रही पाहिले. हिरडीचे दुखणे असताना घसा कशाला, असे मी विचारले. तंबाखू ज्या ज्या अस्तरावरून गेली तिथे दुसरी गाठ असू शकते, म्हणून एका ठिकाणी सापडली की सगळा मार्ग पाहतात, हे त्यांचे उत्तर मला पटले. त्याच दिवशी जागा बधिर करून जखमेच्या काठाचा तुकडा काढण्यात आला. तुकडा काढल्याने रोग पसरतो, अशी गावात पक्की समजूत आहे आणि आमच्या मेव्हण्यांनी तीच शंका बोलून दाखवली. ती हसण्यावारी न नेता डॉक्टरांनी पाच मिनिटे समजावून सांगितले, याची मी मुद्दाम नोंद करतो.

अहवाल पाचव्या दिवशी आला: स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तरातून सुरू होणारा कर्करोग. इथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. अक्काला ‘गाठ आहे, काढायची आहे’ एवढेच सांगा, अशी विनंती मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून केली होती. विभागप्रमुख असलेल्या सर्जनांनी ती मान्य केली नाही, पण मला खडसावलेही नाही. त्यांनी अक्कालाच विचारले की तुमच्या आजाराची माहिती तुम्हाला हवी की भावाला दिली तर चालेल. अक्का म्हणाली, “माझं त्वांड हाय, मलाच सांगा. कळल्याबिगर मी कागदावर अंगठा देणार न्हाई.” त्यानंतर आरसा आणि जबड्याचा प्लास्टिकचा सांगाडा हातात घेऊन त्यांनी तिला काय काढणार, कशाने भरून काढणार आणि त्यानंतर चेहरा कसा दिसेल ते सांगितले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला इतक्या सन्मानाने सगळे सांगितलेले मी सरकारी नोकरीच्या तीस वर्षांत कुठल्याच कार्यालयात पाहिले नव्हते.

सीटी स्कॅनच्या वेळी तंत्रज्ञांनी तिला फुगा फुगवल्यासारखे गाल फुगवून धरायला सांगितले. एरवी गाल हिरडीला चिकटलेला असतो आणि गाठ नेमकी कशावर आहे ते चित्रात समजत नाही. गालात हवा भरली की दोन्ही वेगळे दिसतात. ही बिनखर्चाची युक्ती न केल्यामुळे आमच्या शेजारच्या खाटेवरील रुग्णाला बाहेर काढलेला स्कॅन पुन्हा करावा लागला होता. छातीचाही स्कॅन झाला, जबड्याचा एक्स-रे झाला, पण रोग शरीरात आणखी कुठे पसरला आहे का ते पाहण्याचा, सगळीकडे ऐकू येणारा पेट स्कॅन मात्र त्यांनी सांगितला नाही. मी स्वतःहून विचारले तेव्हा, त्याने निर्णय बदलणार नसेल तर तो खर्च कशाला, असे उत्तर मिळाले. खासगी ठिकाणी असे उत्तर क्वचितच कानावर पडते.

रोग जबड्याच्या हाडात शिरला असल्याने तो टी-४-ए या टप्प्यात मोडतो, असे निदान ठरले. ऐकायला शेवटचा टप्पा वाटतो, पण तो शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगा असतो, आणि ‘ए’ या एका अक्षराचा अर्थ तोच आहे. हा खुलासा आम्ही विचारल्यावर मिळाला. आपणहून कोणी दिला असता तर दोन रात्रींची झोप वाचली असती. उपचार ठरवण्यासाठी शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचार करणारे कर्करोगतज्ज्ञ, दंतवैद्य आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात, त्या बैठकीला तिथे ट्यूमर बोर्ड म्हणतात. बैठकीत काय ठरले त्याचा सह्या केलेला कागद आम्हाला मिळाला. माझ्यासारख्या जुन्या लिपिकाला अशा कागदाची किंमत कळते, कारण पुढे प्रत्येक टेबलावर तोच कामाला आला.

नातेवाइकांचा आग्रह होता की अक्काला परळला न्यावे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून आपल्याकडे कर्करोग म्हटले की परळ हे समीकरणच झाले आहे, त्यामुळे त्या आग्रहात गैर काही नव्हते. मी भीतभीतच सर्जनांपुढे विषय काढला. त्यांनी कपाळाला आठी न घालता तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा बांधून दिला आणि पुन्हा तपासून आणा म्हणाले. अहवाल तोच आला. २०१२ मध्ये टाटा स्मारकाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील रुग्णालये आहेत आणि उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे पाळली जावीत हा तिचा एक उद्देश आहे, हेही त्यांच्याकडूनच समजले. दुसऱ्या मताला न घाबरणारा डॉक्टर मिळाला म्हणून आम्ही पुण्यातच थांबलो. शिवाय रोज किरणोपचार घ्यायचे तर साताऱ्याकडच्या माणसाला मुंबईपेक्षा पुण्यात राहणे सोपे पडते.

मानेच्या शस्त्रक्रियेबद्दल आमच्या मनात मोठी शंका होती. मानेत हाताला एकही गाठ लागत नसताना मान का उघडायची? यावर मिळालेले उत्तर मी नंतर इतरांनाही सांगितले आहे. तोंडाचा कर्करोग आधी मानेतील लसिकाग्रंथींमध्ये उतरतो आणि ग्रंथी हाताला लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असू शकतो. अक्काच्या टप्प्यात तर मान साफ करणे ओघानेच येते, पण अगदी लहान गाठींच्या बाबतीतही हा वाद जगभर चालू होता, आणि तो सोडवण्यात टाटा स्मारकाच्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतील ग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, तर ग्रंथी वाढेपर्यंत वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हे आकडे सर्जनांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवले. आकडे पाहिल्यावर माझा प्रश्न संपला, आणि पुढे अक्काच्या ग्रंथींचा अहवाल आला तेव्हा तो प्रश्न विचारल्याची लाजही वाटली.

शस्त्रक्रिया दहा तास चालली. डाव्या बाजूचा जबड्याचा भाग, त्यालगतचा गालाचा आतला भाग आणि मानेतील ग्रंथी काढल्या, आणि त्या जागी पायातील फिब्युला, म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, वरच्या कातडीसकट काढून जबड्याच्या आकारात बसवले. ते हाड नुसते स्क्रूने जोडून भागत नाही. त्याची रक्तवाहिनी मानेतील रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवावी लागते, तेव्हा ते जिवंत राहते. शरीराचा भार मुख्यतः आतल्या जाड हाडावर असल्याने आणि गुडघ्याजवळचा व घोट्याजवळचा भाग तसाच ठेवत असल्याने पुढे चालण्यात मोठी अडचण येत नाही. अक्का सहाव्या दिवशी काठी घेऊन वॉर्डात चालत होती. तिची पहिली काळजी जबड्याची नव्हतीच. पाय गेला तर पेरणीला वाकायचे कसे, ही होती.

पहिले तीन दिवस परिचारिका दर तासाला, रात्रीदेखील, बॅटरी लावून तोंडातल्या त्या कातडीचा रंग पाहत आणि सुई टोचून लाल रक्त येते का ते तपासत. दुसऱ्या रात्री रंग काळसर वाटल्याबरोबर परिचारिकेने निवासी डॉक्टरांना आणि त्यांनी सर्जनांना कळवले, आणि पहाटे तीन वाजता अक्का पुन्हा शस्त्रक्रियागृहात होती. शिरेत गुठळी झाली होती, ती काढली, कातडी वाचली. अशा वेळी काही तासांचा उशीर झाला असता तर दहा तासांची मेहनत वाया गेली असती. माझ्या मते या विभागाची सर्वांत भक्कम बाजू या परिचारिका आहेत, आणि आभार मानताना लोक त्यांनाच विसरतात.

गळ्याला श्वासासाठी तात्पुरते भोक आणि नाकातून पोटापर्यंत नळी असल्याने अक्काला काही दिवस बोलता येत नव्हते. लिहिता येणाऱ्याला पाटी देतात. अक्काला लिहिता येत नाही. वाचा आणि गिळण्याच्या उपचारतज्ज्ञ बाईंनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच तिला चित्रांचा एक पुठ्ठा दिला होता: पाण्याचा तांब्या, कफ, दुखणे, लघवी, ‘घरच्यांना बोलवा’. कोणते चित्र कशासाठी हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतले होते. पुढे नळी काढण्याआधी आधी पातळ की घट्ट, मान कोणत्या बाजूला वळवून गिळायचे, घोट घेतल्यावर खाकरायचे कधी, हे सगळे त्यांनी ताकाच्या वाटीवर आणि मुगाच्या कढणावर शिकवले. त्यांच्या खोलीच्या दारावर पाटीसुद्धा धड नाही, जिन्याखालच्या खोलीत त्या बसतात, आणि संपूर्ण विभागाला त्या एकट्याच आहेत. त्यांना आणखी दोन सहकारी मिळाले तर या विभागाचा दर्जा जेवढा वाढेल तेवढा नवे यंत्र आणून वाढणार नाही.

आता तक्रारी. पहिली तक्रार काढलेल्या भागाच्या अहवालाची. तो सोळा दिवसांनी आला, आणि त्या सोळा दिवसांत मी अकरा वेळा खिडकीवर जाऊन ‘उद्या या’ ऐकले. शेवटी प्रयोगशाळेतील एका तरुण तंत्रज्ञाने सांगितले की नमुन्यात हाड असले की ते आम्लात ठेवून मऊ करावे लागते, त्याशिवाय त्याचे पातळ काप निघत नाहीत, म्हणून वेळ लागतो. कारण अगदी रास्त होते. हेच वाक्य खिडकीवर कागदाला चिकटवून ठेवले असते तर माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या खेपा वाचल्या असत्या. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असे तेच सांगतात, त्यामुळे त्या सोळा दिवसांतला एकेक दिवस आम्ही मोजत होतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. घरी पाठवताना दिलेल्या कागदावर गोळ्या, ड्रेसिंग, नळीतून द्यायचा आहार आणि पुढची तारीख होती, पण तोंड उघडण्याचा व्यायाम नव्हता. उपचारतज्ज्ञ बाई त्या आठवड्यात रजेवर होत्या आणि त्यांच्याशिवाय ही गोष्ट सांगणे कोणाचेच काम नव्हते. शस्त्रक्रियेनंतर आणि विशेषतः किरणोपचारानंतर जबड्याचे स्नायू आखडत जातात. लाकडी चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायच्या आणि दर काही दिवसांनी त्यात एकेक काडी वाढवायची, हा व्यायाम रोज पाच-सहा वेळा करावा लागतो. तो आम्हाला पाच आठवड्यांनी कळला. तोपर्यंत २८ वरून माप १७ वर आले होते आणि चमचा आडवा जात नव्हता. असेच खांद्याचे. मानेतील ग्रंथी काढताना खांदा उचलणाऱ्या मज्जातंतूला धक्का पोहोचतो, तो तंतू जपला तरी काही महिने हात वर जात नाही. अक्काला वेणी घालता येईना, आणि आम्ही ते अशक्तपणामुळे समजत होतो. फिजिओथेरपीची खोली त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर आहे. चिठ्ठी मात्र आम्ही मागितल्यावर मिळाली.

अहवालात काढलेल्या ३४ ग्रंथींपैकी दोनमध्ये रोग निघाला आणि एका ग्रंथीत तो तिचे आवरण फोडून बाहेर पडला होता. असे असले की केवळ किरणोपचार पुरेसे मानत नाहीत, सोबत सिस्प्लाटिन हे औषध देतात. ते देण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी आणि श्रवणचाचणी झाली, कारण त्या औषधाने दोन्हीला इजा होऊ शकते. दंतवैद्यांनी उरलेल्या दातांपैकी दोन कुजके दात आधीच काढले आणि त्या जखमा भरेपर्यंत थांबायला लावले. किरणोपचार झालेल्या जबड्यातील दात नंतर काढला तर हाड सडण्याचा धोका असतो, म्हणून हे काम आधी. मला वाटते ही शिस्त बाहेर फारशी पाळली जात नाही. पुढे कोणत्याही दंतवैद्याकडे गेलात तरी किरणोपचार झाल्याचे आधी सांगा, असे मराठीत छापलेले कार्ड त्यांनी दिले, ते अक्काच्या बटव्यात असते.

किरणोपचाराच्या ३३ बैठका होत्या, सोमवार ते शुक्रवार, एकूण ६६ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक). गावाकडे याला लाईट घेणे म्हणतात. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर आणि खांद्यावर ताणून बसवतात, ती थंड झाली की त्याच आकारात कडक होते आणि रोज त्याच मुखवट्यात डोके स्थिर ठेवतात. अक्का म्हणाली, “चाळणीतनं जग बघितल्यागत वाटतंय.” पहिल्या दिवशी ती घाबरली तेव्हा तंत्रज्ञाने तिच्या हातात घंटीचे बटण दिले आणि एकदा विनाकारण वाजवून घेतले, म्हणजे वाजवल्यावर माणूस खरेच येतो हे तिला कळले. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटले, चव गेली, लाळ आटली. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, गिळण्याआधी वेदनाशामक, आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलेली नाचणीची पेज, अंडे, दूध, शेंगदाण्याचे कूट असा आहार यांवर ते आठवडे निघाले. आहारतज्ज्ञांचा पहिला छापील तक्ता शहरी होता, त्यात ओट्स आणि प्रथिनांच्या महाग डब्यांची नावे होती. अक्काने तो वाचून घेतला आणि घडी घालून ठेवला. दुसऱ्या भेटीत त्यांनी आमच्या घरात काय पिकते ते विचारले आणि नवा तक्ता हाताने लिहून दिला; हा शहाणपणा पहिल्याच भेटीत असायला हरकत नव्हती.

खर्चाचे सांगायचे तर आमच्याकडे केशरी शिधापत्रिका असल्याने शस्त्रक्रिया आणि किरणोपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झाले. योजनेची मंजुरी मिळण्याआधीच्या तपासण्या, पुण्यातील राहणे आणि पाच-सहा बाहेरची औषधे यांचा भार आमच्यावर पडला. योजनेच्या कागदपत्रांत रुग्णांना मदत करणाऱ्या तिथल्या आरोग्यमित्राचे टेबल व्यवस्थित चालते, पण शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी फाइल अडते. अक्काचे माहेरचे आणि सासरचे नाव यांच्या घोळात आमचे चार दिवस गेले, म्हणून पुण्याला निघण्याआधी ही दोन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून वाचून घ्यावीत.

उपचार संपल्यानंतरच्या तपासण्या हा विभाग मनापासून करतो. रोग परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी बोलावले, आता दर तीन महिन्यांनी बोलावतात. न आल्यास समाजसेवकांचा फोन येतो. भात कापणीच्या दिवसांत आम्ही एक तारीख चुकवली तेव्हा तो आलाही. मानेवर किरण गेल्याने थायरॉइडचे काम मंदावू शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्तातील टीएसएच तपासतात; ते वाढले की थायरॉइड मंदावल्याचे कळते. दुसऱ्या तपासणीत अक्काचे टीएसएच वाढलेले निघाले आणि गोळी सुरू झाली. सतत झोप येते, थंडी वाजते, हे आम्ही वयावर ढकलले होते.

तोंड उघडण्याचे माप आता २५ मिलिमीटर आहे. व्यायामाचा तो कागद मी स्वतः टंकलिखित करून विभागप्रमुखांना नेऊन दिला आणि घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलला तो जोडावा अशी लेखी विनंती केली; मागच्या खेपेला तो आमच्यासमोर घरी निघालेल्या एका रुग्णाच्या फाइलला लावलेला दिसला, वर रुग्णालयाचे बोधचिन्ह छापून. अक्का कुस्करलेली भाकरी आमटीत भिजवून खाते. बोलणे घरच्यांना पूर्ण समजते, फोनवर मात्र अनोळखी माणसाला दोनदा सांगावे लागते. डाव्या गालाखालची वळी आणि हनुवटीपासून मानेत उतरणारा व्रण दिसतो, आणि ती पदराने तो झाकत नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी झालेल्या तपासणीला अक्काची सूनबाई सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी अक्काला तपासून झाल्यावर, घरात आणखी कोण मशेरी लावते, असे विचारले आणि सूनबाई खाली बघू लागली, तेव्हा तिलाच खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावले. गालाच्या आत पुसून न निघणारा पांढरा चट्टा होता. तुकडा काढला, कर्करोग निघाला नाही, पण त्या चट्ट्यात तो पुढे होऊ शकतो म्हणून तपासणीच्या तारखा लागल्या आणि तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनासाठी तिला वेगळ्या खोलीत पाठवले. तिने मशेरी सोडून सात महिने झाले आहेत. तव्यावर तंबाखू भाजणे घरात बंद आहे. पुढच्या महिन्यात दोघींची तारीख एकाच दिवशी घेतली आहे, आणि खिडकीवर आता मी दोन केसपेपर घेऊन उभा राहतो.